पोरीचं रक्त

साखरशेत
१४ जून २०२५

प्रेमा,

हे पत्र फाडणार असशील तर फाड, पण त्याआधी तुषारच्या कानामागची आणि कोपराच्या आतली कातडी बघ. लाल होऊन पापुद्रे निघताहेत का? आणि त्याची ओली लंगोटी कोपऱ्यात पडली की तिला मुंग्या लागतात का? या दोन गोष्टी बघ, मग पुढचं वाच.

मी माहेरी, बाकडे आले आहे. पोशेऱ्याला येत नाही. तुझ्या फागूच्या बाराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की ताईनं माझ्या दारात पाय ठेवला तर मी विहीर जवळ करीन. तू बोलतेस ते करतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. म्हणून बा हे पत्र घेऊन येईल.

सुनिताला रागावू नकोस. तुमच्या गावची आशा सेविका म्हणून ती वजन करायला आली आणि तिनं तुषारचा फोटो मला पाठवला. तिला वाटलं, ताई एखादं मलम सांगेल. फोटो बघितला आणि मी पुण्याहून तशीच निघाले.

दीड महिन्याचं पोर आणि जन्मापासून अर्धे दिवस जुलाब. अंगणवाडीत तुला म्हणाले असतील, दूध कमी पडतंय, तू नीट पाजत नाहीस. लाडक्याच्या वेळी हेच म्हणाले, फागूच्या वेळीही. तुला चार बायकांसमोर बसवून पाजायला लावलं होतं, ते बानं मला सांगितलं. तुझं दूध कमी नाही, प्रेमा. तिन्ही पोरांना काय झालं ते कुणाला कळलेलं नाही, म्हणून ते कुपोषण म्हणतात. मला वाटतं, मला कळलंय.

'वाटतं' एवढंच लिहिते. मागच्या वेळी मी खात्रीनं बोलले होते. हैदराबादहून फोनवर सांगत राहिले, मुंबईला न्या, तिथे कळेल. तुम्ही नेलंत. कळलं नाही. फागू तिथेच गेला आणि तू त्याला मांडीवर घेऊन जीपमधून परत आलीस. तुझ्या रागाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

या वेळी मुंबई नको. फक्त उपकेंद्रात जा आणि त्याची साखर तपासायला सांग. टाचेला टोचून एक थेंब. नीट निघाली तर मी चुकले, मी पुण्याला परत जाईन आणि पुन्हा लिहिणार नाही. जास्त निघाली तर त्याच पावली जव्हारला ने.

हर्षदा


साखरशेत
१६ जून

प्रेमा,

बा काल भिजून परत आला. म्हणाला, गोजाबाईंनी पत्र ओटीवरच घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, सून झोपलीय. आतून त्याला तुषारचा आवाज येत होता. मी विचारलं, रडत होता का? बा म्हणाला, "रडणं नाय ग ते. रडायला पण जोर लागतो."

पत्र तुला मिळालं का हे मला माहीत नाही. पण कुणीतरी सुनिताला बोलावलं, एवढं कळलं. आज सकाळी टेकडीवर गेले तेव्हा फोनला रेंज आली आणि तिचा निरोप दिसला. "ताई, दोनदा तपासली. आकडाच येत नाही. यंत्र 'हाय' म्हणतंय. बिघडलंय वाटतं."

प्रेमा, यंत्र बिघडलेलं नाही. साखर इतकी चढलीय की त्याला ती मोजता येत नाही, तेव्हा ते 'हाय', म्हणजे फार जास्त, असं दाखवतं. दीड महिन्याच्या पोराच्या रक्तात एवढी साखर. तो आता झोपल्यासारखा वाटेल, शांत झालाय असं गोजाबाई म्हणतील. ती झोप नाही.

आत्ता नीघ. सोबतचा इंग्रजीतला कागद जव्हारच्या डॉक्टरांना दे. त्यावर माझा नंबर आहे. त्यांनी रागावून का होईना, फोन करायला हवा. त्या कागदावर मी आजाराचं नाव लिहिलंय आणि काय काय तपासायचं ते. औषध मी लिहिलेलं नाही, ते त्यांचं काम.

बा हे घेऊन लगेच निघतोय. गाडी चुकली तर चालत जाईन म्हणतो. उद्या दुपारपर्यंत तू जव्हारला पोचल्याचं कळलं नाही तर मी पोशेऱ्याला येणार. मग तू विहिरीकडे धावलीस तरी मी आधी पोराला उचलेन आणि मग तुझ्यामागे येईन. एवढं लक्षात ठेव.

हर्षदा


जव्हार
१९ जून

ताई,

आलो जव्हारला. हरेश मोखाड्याच्या नाक्यावर जीप भरून उभा होता. बा जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला आन् नुसता रडला. हरेशनं बसलेली माणसं उतरवली आन् घरी आला. सासू म्हणत होती, झोपलंय तर झोपू द्या. हरेशनं आईचं ऐकलं नाय.

इथल्या डॉक्टरबाईंना तुझा कागद दिला. आधी रागावल्या, की हे कोण आम्हाला शिकवणार. मंग साखर बघली आन् तुला फोन लावला. तुमचं काय बोलणं झालं ते मला समजलं नाय, पण फोन ठेवल्यावर त्या माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागल्या. सुई लावलीय. नाकातनं नळी घातलीय. साखर उतरतेय. काल त्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघलं.

बाईंनी त्याचं रक्त बर्फात घालून तुझ्याकडं पाठवलं. सुनिता म्हणाली, तू स्वतः न्यायला आलीस, फाटकाबाहेर उभी होतीस. मी खिडकीशी गेले नाय.

तुझं बरोबर निघालं. आता मला दोन गोष्टी खऱ्या सांग. नुसता फोटो बघून तुला कसं समजलं? इथल्या डॉक्टरांनी असं पोर बघलेलं नाय. मुंबईच्यांनी नाय बघलं. तू तर औषध देणारी डॉक्टर पण नाहीस. मंग तू कुठं बघलंस?

आन् दुसरं. माझ्याच पोरांना का? सखी सात वर्षांची झाली, तिला साधा नायटा कधी नाय झाला. पोरगे तेवढे जातात. का?

भेटायला येऊ नकोस. लिही.

प्रेमा


पुणे
२३ जून

प्रेमा,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला कसं सांगू, यात चार दिवस गेले. मी ते उंदरांत बघितलं.

आमच्या संस्थेत पिंजऱ्यांत छोटे उंदीर ठेवतात. त्यांत एक जात अशी आहे, की तिची नर पिल्लं जन्मल्यावर दोन-तीन आठवड्यांत खरूज झाल्यासारखी दिसू लागतात. कानांची कातडी जाड होते, शेपटीला खवले येतात, वाढ थांबते आणि महिन्याभरात ती मरतात. माद्या ठणठणीत राहतात. दोन वर्षांपूर्वी पुण्याला आले तेव्हापासून ते उंदीर माझ्याकडे आहेत. त्याआधी हैदराबादला मी क्षयाच्या रोग्यांवर काम करत होते. लाडक्याला आणि फागूला मी आजारी असताना बघितलंच नव्हतं. तुषारचा फोटो आला तेव्हा मी पिंजऱ्यांच्या खोलीतून बाहेर येऊन हातमोजे काढत होते. तुझ्या पोराला मी उंदरावरून ओळखलं. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.

आजार असा आहे. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही अंगात शिरलं की त्या तुटून पडतात. पण घरचं कोण आणि परकं कोण हे त्यांना नेहमी कळतंच असं नाही. म्हणून दुसऱ्या काही पेशी असतात, त्या पहिल्यांना आवर घालतात. त्यांना रेग्युलेटरी टी सेल म्हणतात. अकरा वर्षं, आधी क्षयाच्या रोग्यांत आणि आता उंदरांत, मी त्यांचंच काम करते. तुषारच्या अंगात आवर घालणारं कुणी नाही. त्याची राखण त्याच्याच आतड्यावर, कातडीवर आणि साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीवर तुटून पडलीय. तुझं दूध त्याच्या पोटात जातं, पण आतडं आतून सोललेलं, तर ते अंगी कुठून लागणार?

रक्ताची नळी मी स्वतः यंत्रावर लावली. पडद्यावर पेशी ठिपक्यांसारख्या दिसतात. एका कोपऱ्यात आवर घालणाऱ्या पेशींचा पुंजका दिसायला हवा. तुझा, माझा, बाचा, कुणाचाही दिसेल. तुषारचा कोपरा रिकामा होता. मी पुन्हा लावून बघितली. पुन्हा रिकामा. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, हा कुठल्या पिंजऱ्यातला?"

आता दुसरं. ही खोट मुलाला आईकडून येते. आवर घालणाऱ्या पेशी घडवायची एक सूचना अंगात असते. मुलीकडे तिच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरीवर निभावतं. मुलाकडे एकच. आपल्याआधी आईला दोन मुलगे झाले होते. हगवणीनं गेले, एवढंच बा सांगतो, आणि आई तर त्यांचं नावही काढायची नाही. तिच्याकडून ते तुझ्यात आलं. यात तुझा दोष काडीचा नाही. तुझं कपाळ आईसारखं आहे, तसंच हे.

पण गोजाबाईंना ते तसं दिसणार नाही. 'सुनेतून आलं' एवढे दोनच शब्द त्या ऐकतील. म्हणून त्यांना सांगू नकोस आणि हरेशलाही नको. डॉक्टर विचारतील तेव्हा मी सांभाळून घेईन. मी हे लिहितेय याची मला लाज वाटते. पण त्या घरात राहायचं तुला आहे.

पुढचं असं. राखणीला दाबून ठेवणारं औषध पुण्याच्या रुग्णालयात सुरू करता येईल. त्यानं वेळ मिळेल, आजार जाणार नाही. जायचा तर दुसऱ्याच्या हाडातला मगज त्याला द्यावा लागेल, म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी त्याच्या अंगात नव्यानं तयार होतील. सख्ख्या बहिणीचा जुळला तर सगळ्यात चांगलं. सखीचं थोडं रक्त तपासायला पाठव. खर्चाची सोय झालीय, त्यावर बोलायचं नाही.

हर्षदा


जव्हार
२७ जून

ताई,

उंदरांत बघलंस तर बघलंस. त्याचं मला काय वाईट वाटायचंय? त्या उंदरांना तुम्ही बरं केलंत का कधी, ते सांग. तेवढंच तू लिहिलं नायस.

सखीचं रक्त दिलं. ती रडली नाय.

हरेशला मी सांगलं. तू नको म्हणालीस तरी सांगलं. लाडक्याला त्यानं हातानं पुरलं, फागूला पण. पडल्या पडल्या मला विचारतो, आपण कुणाचं वाईट केलं ग? त्याला सांगायचं नाय तर कुणाला सांगायचं? रुग्णालयाच्या मागं चहाची टपरी आहे, तिथं सांगलं. म्हणाले, हे माझ्यातनं आलंय. आईतनं माझ्यात, माझ्यातनं पोरांत.

तो म्हणाला, "कोण म्हणतं?"

"ताई."

"मंग आधीचे दोघं?"

"ते पण ह्यानंच."

त्यानं ग्लास खाली ठेवला आन् जीप काढून गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी, आईला घेऊन. म्हणजे तिला पण सांगलं त्यानं. सासू वार्डात आली. मला वाटलं ओरडंल, झिंज्या धरंल. तिनं माझ्याकडं बघलं पण नाय. सखीचा हात धरला. म्हणाली, "हिच्यातलं काय काढायचं नाय. घरात एवढी एकच उरलीय." आन् घेऊन गेली. हरेश दारात उभा होता. मी म्हणाले, अडव ना. तो बाजूला सरला.

तुला वाटत असंल, सांगलं नव्हतं का हिला. सांगलं होतंस. पण मला खोटं घेऊन तुझ्या पुण्याला यायचं नव्हतं.

उद्या गाडीनं निघतोय, मी आन् तुषार. सखी जुळली तर तिला आणायचं काम तुझं. मी तिथून हलू शकणार नाय. माझ्या दारात जा. मी म्हणते, जा.

प्रेमा


पोशेरा
२० जुलै

प्रेमा,

हे पत्र तुझ्या हातात हरेश देईल. तेव्हा पुढचं काय झालं ते तुला आधीच कळलेलं असेल. तरी सगळं लिहिते, कारण तो सांगताना निम्मं गाळेल.

सखी पूर्ण जुळते, हे मला परवा कळलं. काल सकाळी मोखाड्याहून आले. घराला कडी होती. सगळी लावणीला गेली होती. मी बांधाबांधानं गेले. गोजाबाई गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. सखी मुठी बांधून त्यांच्या हातात देत होती. हरेश पलीकडच्या खाचरात होता, मला बघून तो जागीच थांबला.

गोजाबाई वर न बघता म्हणाल्या, "आलीस? आता कुणाला न्यायचंय?"

"सखीला. तिचं जुळतंय."

"दोन गेले. तिसरा तुमच्याकडं आहे. ही पण पाहिजे?"

मी चपला काढून चिखलात उतरले. बांधावर उभं राहून त्यांच्या पाठीशी बोलायला मला जमेना. सगळं सांगितलं. भूल देतात, कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढतात, चार-सहा दिवस दुखतं, अंग ते पुन्हा भरून काढतं.

"त्यात कोण मरत नाय?"

"फारच क्वचित. भुलीचा धोका असतो. अजिबात नाही असं मी म्हणणार नाही."

"आन् तुषार जगंल?"

"न देता नाही जगणार. दिलं तर चांगली आशा आहे. खात्री नाही."

"मागं तर मोठी खात्री व्हती तुझी."

"होती," मी म्हणाले.

तेव्हा त्या सरळ झाल्या. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुझी पोर असती तर दिली असतीस? खरं सांग."

प्रेमा, जे तुला आधी सांगायला हवं होतं, ते मी तुझ्या सासूला आधी सांगितलं. मला दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय. मी म्हणाले, "माझी आणि प्रेमाची आई एकच. माझ्यात ते असेल आणि मला मुलगा झाला, तर त्याचंही हे होऊ शकतं. तेव्हा मी कुणाच्या तरी दारात अशीच उभी असेन."

"तपासलंस?"

"नाही."

"का नाय?"

मी वाकून रोपांची एक मूठ उचलली. त्यांनी नुसतं "हं" केलं. पण त्यानंतर त्यांचा आवाज खाली आला.

मग मी सखीकडे वळले. म्हटलं, हे तुझ्या अंगातलं घ्यायचंय, तर तुला विचारायला हवं. तिनं हातातली मूठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "मावशी, माझं रक्त घातल्यावर तुषार पोरगी होणार का?"

हरेश पलीकडून हसला. मला मात्र हसता येईना, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हणाले, "तो मुलगाच राहील. पण त्याचं रक्त मुलीचं होईल. जन्मभर. कुणी तपासलं तर रक्त म्हणेल, ही मुलगी आहे."

गोजाबाई ऐकत होत्या. चिखलाचे हात कमरेवर तसेच. मग म्हणाल्या, "आमच्यात पोरीच जगतात. होऊ दे त्याचं रक्त पोरीचं."

एवढंच. आणि पुन्हा वाकल्या. खाचर पुरं झाल्याशिवाय कुणाला हलू दिलं नाही. मीही लावत होते, आणि माझी ओळ वाकडी जाते म्हणून त्या दोनदा ओरडल्या.

त्यांची एक अट आहे. सखीला सुई लावतील तेव्हा त्या बाहेर दाराशी असणार, आणि भूल उतरेल तेव्हा तिच्या उशाशी. कुणी हलवायचं नाही. मी हो म्हटलंय. डॉक्टरांशी भांडावं लागलं तर मी भांडेन.

हरेशचं राहिलं. जेवताना तो मला म्हणाला, "ताई, मी रागानं नाय गेलो टपरीवरनं. पोरांची तोंडं समोर आली. जीपमध्ये बसून रडलो. तिच्यासमोर रडलो असतो तर तिला वाटलं असतं, मी तिला दोष देतोय." मी विचारलं, मग आईला का अडवलं नाहीस? म्हणाला, "आई पण खोटं बोलत नव्हती." तो हे तुझ्याशी बोलणार नाही, म्हणून लिहिलं. तू विचार त्याला.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. हो, उंदीर बरे होतात. निरोगी भावंडाच्या पेशी लवकर दिल्या तर जगतात, वाढतात. सगळे नाही. पण जगलेले मी हातात धरलेत.

हर्षदा


पुणे
११ डिसेंबर

प्रेमा,

तुम्ही जव्हारला खोली घेतलीत हे बरं केलंत. डॉक्टर म्हणाले तसं वर्षभर रुग्णालयाजवळच राहा. तुषारचा अहवाल तुला फोनवर सांगितलाच. त्याच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता सखीच्या आहेत. तो कोपरा मी पुन्हा बघितला. भरलाय. साखरेची ग्रंथी मात्र आधीच गेली होती, ती परत येणार नाही. इन्सुलिन सुटणार नाही, हे मनाशी धरून ठेव.

हे सगळं फोनवर बोलता येतं. पुढचं येत नाही. तू आवाजावरून ओळखशील आणि मग मला बोलता येणार नाही.

मी तपासणी केली. माझ्यातही आहे.

पोटात मुलगी असेल तर काळजी नाही. मुलगा असेल तर निम्मी शक्यता. चौथ्या महिन्यात बाळाची तपासणी करता आली असती, या आजारासाठी तशी परवानगी मिळते. मी सगळ्यांना सांगते, त्या वेळी मी तुषारच्या वॉर्डात होते. खरं म्हणजे मला उत्तर नको होतं. रोहिदासला मी एवढंच सांगितलं, की बघू. नवरा म्हणून त्याला विचारायचा हक्क होता, तरी तो विचारत राहिला नाही. माझ्यावर विश्वास आहे त्याचा. या विषयातलं मला कळतं, असं त्याला वाटतं.

ऑक्टोबरात या पेशींच्या शोधाला नोबेल मिळालं. संस्थेत पेढे वाटले. त्याच उंदरांची नावं सगळ्यांच्या तोंडी होती. मुलं मला म्हणत होती, मॅडम, आपला विषय. मी पेढा हातात धरून उभी होते आणि पोटात बाळ हललं. त्या दिवसापासून मी पिंजऱ्यांच्या खोलीत गेलेली नाही. दारापर्यंत जाते आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरते. नऊ तारखेला एक विद्यार्थिनी पिल्लू घेऊन बाहेर आली आणि मला दाखवू लागली, तर मी तिच्यावर ओरडले. ती रडली.

मला त्या आजाराचं सगळं माहीत आहे, प्रेमा. कुठल्या दिवशी काय होतं ते माहीत आहे. त्याचा मला काही उपयोग होत नाहीये. जानेवारीच्या मध्यात तारीख आहे. मला भीती वाटते. कुणाला तरी लिहायचं होतं.

हर्षदा


जव्हार
१८ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुषारला नाचणीची पेज भरवत होते. हरेशनं वाचून दाखवलं, कारण माझे हात भरलेले. अर्धं वाचून तो थांबला आन् म्हणाला, हे तू एकटीनं वाच.

सप्टेंबरातलं तुला आठवतं का? सखीचं रक्त आत गेलं आन् मंग त्याला ताप चढला, सगळ्या अंगावर लाल झालं, तोंड आतनं सोललं. मी काचेच्या आत, तू बाहेर. रोज तू हातानं मला आकडा दाखवायचीस, आज पेशी इतक्या. मला आकडं कळत नव्हतं. कितीवर चांगलं आन् कितीवर वाईट ते तू दहादा सांगलंस तरी ध्यानात राहिलं नाय. मी तुझं तोंड बघायची. तोंड बरं दिसलं की म्हणायची, आजचा दिवस गेला. असे किती दिवस मी तुझ्या तोंडावर काढले, ते तुला माहीत नाय.

फागूच्या वेळचं पण सांगून टाकते. त्याला तू मारलं नव्हतंस. मला तेव्हाच माहीत होतं. कुणावर तरी ओरडायला पाहिजे होतं. हरेशवर ओरडले असते तर तो मोडला असता, सासूवर ओरडता येत नाय. तू लांब होतीस, तुझ्यावर ओरडता आलं.

सासूला मी तुझं सांगलं. तुला आवडो न आवडो. ती म्हणाली, "तिला विचार, रोज जेवते का." मंग म्हणाली, "आन् सांग, नवऱ्याला सगळं सांग म्हणावं. बाईनं एकटीनं उचलायचं ओझं नाय ते." हे माझी सासू बोलली. ज्या सासूपासनं तू मला लपव म्हणत होतीस, ती. तर रोहिदासभाऊजींना सांग. हे पत्र वाचून झालं की उठ आन् सांग. तो बिचारा तिकडं बाळाच्या टोप्या बघत असंल.

ती रडलेली पोरगी, तिला पण बोलाव. चहा पाज.

आईनं आपल्या दोन भावांना एकटीनं घालवलं. बा तेव्हा भिवंडीला वीटभट्टीवर होता, आला तेव्हा दोघं नव्हते. मी दोघांना घालवलं तेव्हा तुला दारातनं हाकललं. आता हे पुरे झालं. तू एकटी नाय राहायचीस.

मी येतेय. बाळंतपणाला बहिणीनं जायचं असतं आन् आई नाय आपल्याला. पाच तारखेला निघते. हरेशला इन्सुलिन टोचायला शिकवलंय. त्याच्यानं टोचवत नाय, मंग सखी त्याचा हात धरते आन् तो टोचतो. सासू पोशेऱ्याहून इथं येऊन राहणार, नाचणी घेऊन.

मुलगी झाली तर गुळाचा शिरा करू. मुलगा झाला तर त्याच दिवशी रक्त पाठवायचं, तुझ्याच यंत्रावर. तू नको लावूस नळी, त्या पोरीला लावू दे. तू माझ्याजवळ बस. आपल्याला या वेळी पहिल्या दिवसापासनं माहीत आहे, ताई. आईला नव्हतं, मला नव्हतं. आन् घाबरायचंच असंल तर दोघी मिळून घाबरू.

मला न्यायला येऊ नकोस. शिवाजीनगरला उतरून मी रिक्षा करीन. तुझा पत्ता मला पाठ आहे. तू जिना उतरू नकोस.

प्रेमा